जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी कसे बसवावे

राउटर बिघडण्याआधी बहुतेक वेळा त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, म्हातारे होते. वायफाय चालू असते, दिवे लुकलुकत असतात, पण कंपनीने अपडेट देणे केव्हाच थांबवलेले असते आणि सुरक्षेतल्या फटी तशाच उघड्या राहतात. अशा राउटरला आणखी काही वर्षे नीट वापरायचे असेल, तर मुक्त स्रोत फर्मवेअर हा उत्तम उपाय आहे. डीडी-डब्ल्यूआरटी आणि फ्रेशटोमॅटो हेही पर्याय आहेत. मी ओपनडब्ल्यूआरटी सुचवतो, कारण त्याचा पाठिंबा सर्वाधिक मॉडेलांना आहे आणि त्याचे काम सतत चालू असते.

या प्रकल्पाचे मूळ लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये आहे. त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांनी शोधून काढले. लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या अटीमुळे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यावर ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले.

आधी राउटर उलटा करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत नेमकी हीच सुटते. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेलचे नाव असते आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात हार्डवेअर आवृत्ती असते: व्ही१, व्ही२, व्ही५ वगैरे. ही आवृत्ती टिपून घ्या. नाव तेच, डबा तोच, पण आतली चिप वेगळी, असे सर्रास होते. २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा आतून लिनक्स गेले होते, फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी मेमरी) ४ एमबीवरून २ एमबीवर आणि रॅम १६ वरून ८ एमबीवर आली होती. बाहेरून पाहून हे कळणे अवघडच होते. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ चेही तसेच. दुसऱ्या आवृत्तीवर ओपनडब्ल्यूआरटी छान चालते, पण पहिल्या आवृत्तीतली ५ गिगाहर्ट्‌झची चिप अशी आहे की त्यावर तो बँडच चालत नाही.

आता ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरच्या हार्डवेअर तक्त्यात तुमचे मॉडेल आणि आवृत्ती शोधा. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, फ्लॅश आणि रॅम. आज निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असावी. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांसाठी १९.०७ ही शेवटची आवृत्ती होती. तसा राउटर असेल तर त्याच्या मागे लागू नका. दुसरी, वायफाय चिप कोणाची. मीडियाटेक आणि क्वालकॉम अथेरॉसच्या चिपांना चांगले मुक्त ड्रायव्हर आहेत. ब्रॉडकॉमची चिप असेल तर वायफाय अर्धवट चालण्याची किंवा अजिबात न चालण्याची शक्यता मोठी, म्हणून मी तिथेच थांबतो. तिसरी, त्या मॉडेलच्या पानावर बसवण्याची आणि बिघडल्यास परत आणण्याची रीत लिहिली आहे का. परतीची वाट माहीत नसेल तर पुढे जाऊ नका.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीने दिलेला, फायबर थेट आत येणारा डबा फ्लॅश करायला, म्हणजे नवे फर्मवेअर चढवायला, घेऊ नका. त्याच्यामागे आपला राउटर जोडणे हेच बरे.

तयारी

कंपनीचे मूळ फर्मवेअर उतरवून ठेवा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन चालणारी) जोडणी असेल तर युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीने दिला असल्यास व्हीलॅन (जोडणीचा विभाग ओळखणारा) क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण इंटरनेट बंद असताना हीच माहिती लागते.

मग ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरमधून स्थिर आवृत्ती घ्या. स्नॅपशॉट, म्हणजे रोज बनणारी चाचणीची आवृत्ती, नको; त्यात वेब पॅनेल सहसा आधीपासून नसते. बहुतेक मॉडेलांना दोन फायली मिळतात. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना ‘फॅक्टरी’ फाइल, आणि ओपनडब्ल्यूआरटीवर आल्यानंतर पुढच्या प्रत्येक वेळी ‘सिसअपग्रेड’. फाइल उतरली की तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) पानावरच्या आकड्याशी जुळवून पाहा. याला मिनिटही लागत नाही, आणि अर्धवट उतरलेली फाइल राउटरमध्ये जाण्याचा धोका टळतो.

फ्लॅश करणे

संगणक लॅन पोर्टला केबलने जोडा, वायफायवरून हे काम करू नका. कंपनीच्या पॅनेलमध्ये फर्मवेअर अपडेटच्या पानावर जाऊन फॅक्टरी फाइल द्या. काही पॅनेल लांबलचक नावाची फाइल नाकारतात, तेव्हा नाव छोटे करा. मग पाच मिनिटे हात लावू नका. वीज जाण्याची भीती असेल तर राउटर आणि संगणक दोन्ही यूपीएसवर ठेवा.

पहिल्यांदा आत जाताना

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. युजरनेम ‘रूट’, पासवर्ड रिकामा. आत जाताच पासवर्ड ठेवा. वायफाय दिसले नाही म्हणून घाबरू नका, तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत ते मुद्दाम बंद ठेवलेले असते. नेटवर्कमधल्या वायरलेस पानावर देश निवडा, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा आणि चालू करा. देश बरोबर निवडणे गरजेचे आहे, कारण कोणते चॅनेल आणि किती शक्ती वापरायची हे त्यावर ठरते.

इथे बरेच जण एका गोष्टीत अडकतात. राउटर ज्या मोडेमला जोडला आहे त्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर दोन्ही उपकरणे एकमेकांत अडकतात आणि इंटरनेट येत नाही. लोक वायफाय, केबल, फाइल सगळे तपासत बसतात. अशा वेळी लॅनचा पत्ता १९२.१६८.२.१ करा, काम होते.

आणखी एक काम आत्ताच उरका. सिस्टममधल्या बॅकअपच्या पानावर फ्लॅशचे विभाग जसेच्या तसे उतरवून घेता येतात. त्यातल्या एका विभागात तुमच्याच नगाचे मॅक पत्ते (नेटवर्कवरची त्याची ओळख) आणि वायफाय रेडिओची कारखान्यात जुळवलेली मापे असतात, बऱ्याच राउटरांवर त्याचे नाव ‘एआरटी’ किंवा ‘फॅक्टरी’. हा विभाग गेला तर दुसऱ्या राउटरचा घेऊन तंतोतंत चालत नाही.

वेग कमी वाटला तर

मूळ फर्मवेअर हार्डवेअरची मदत घेऊन डेटा पुढे ढकलते. ओपनडब्ल्यूआरटीवर ते काम प्रोसेसरवर येऊ शकते, म्हणून वेगवान जोडणीवर आकडा घसरतो. फायरवॉलच्या पानावर प्रोसेसरचा हा भार हलका करणारे फ्लो ऑफलोडिंग चालू करून पाहा. उलट, जोडणी मध्यम असेल आणि कोणी मोठी फाइल चढवायला लागले की व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर एसक्यूएम, म्हणजे डेटाची रांग नीट लावणारे पॅकेज, बसवा. रांग लावण्याची पद्धत ‘केक’ ठेवा आणि मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा द्या. फ्लॅश करण्याचे सगळे कष्ट याच एका सोयीसाठी घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. मात्र ऑफलोडिंग आणि एसक्यूएम एकत्र ठेवू नका.

बिघडलेच तर

सेटिंग चुकून आत जाता येत नसेल, तर फेलसेफ आहे, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून राउटर सुरू करण्याची सोय. राउटर सुरू होताना दिवा भराभर लुकलुकू लागला की रीसेटचे बटण दाबा. संगणकाला १९२.१६८.१.२ पत्ता द्या, एसएसएचने (आदेश टाइप करून दुरून जोडण्याची पद्धत) १९२.१६८.१.१ वर आत जा आणि ‘फर्स्टबूट’ आदेशाने सेटिंग्ज पुसून राउटर पुन्हा सुरू करा.

फर्मवेअरच सुरू होत नसेल तर बूटलोडरची, म्हणजे फर्मवेअरच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, वाट असते. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत संगणकाला १९२.१६८.०.६६ पत्ता देऊन त्यावर टीएफटीपी सर्व्हर (फाइल पुरवणारा साधा प्रोग्रॅम) चालवायचा, मूळ फर्मवेअर ठरलेल्या नावाने तिथे ठेवायचे आणि रीसेट दाबून धरत राउटर चालू करायचा. तो स्वतः फाइल मागून घेतो. बाकी मॉडेलांची रीत त्यांच्या पानावर असते.

नवी आवृत्ती आली की सिसअपग्रेड फाइलने ती चढवा. ‘सेटिंग्ज ठेवा’ या खुणेमुळे नेटवर्कची मांडणी टिकते, पण तुम्ही बसवलेली जादा पॅकेजे जातात. ती टिकवायची असतील तर अटेंडेड सिसअपग्रेड वापरा, ते तुमच्या पॅकेजांसकट नवी फर्मवेअर फाइल बांधून आणते.