चकव्याची फिल्म, हॅलोविनच्या आत

पोरांनो, हॅलोविनसाठी भुताची फिल्म करायची तर पडकं घर आधी डोक्यातून काढा. न्यू जर्सीतल्या आपल्या डेव्हलपमेंटमध्ये गवत जरा वाढलं तरी घरमालकांच्या असोसिएशनची चिठ्ठी येते, इथे पडका वाडा कुठून आणणार? मुखवटा आणि सुरा तर इथल्या प्रत्येक टोळक्याने करून झालाय. आपल्याकडे काय आहे ते बघा: एकसारखी घरं, एकसारखे पोर्च, एकसारखे मेलबॉक्स आणि फिरून त्याच वळणावर आणून सोडणारे रस्ते. चकव्याला याहून चांगली जागा कोणती? भारतात आजोबांना फोन लावा. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस चालतोय, चालतोय आणि पहाटे बघतो तर त्याच बांधावर, अशी एक तरी गोष्ट ते सांगतीलच. ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे हॅलोविनला घरोघरी कँडी मागायला निघालेल्या तिघांवर तीच बेतायची. दार वाजवलं, कँडी घेतली, पुढे गेले, आणि पुढचंही दार तेच.

भूत दाखवायचं नाही. पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांना मी विंगेत बसून पेटी वाजवायचे, तिथून प्रेक्षकांचे चेहरे बघायची सवय लागली. स्टेजवर भूत आलं की मागच्या रांगेतून शिट्ट्या यायच्या. दारावर नुसती थाप पडली की सगळे चिडीचूप.

सगळी फिल्म एका पोर्चवर उभी आहे, त्यामुळे वेळ तिथेच घालवा. ट्रायपॉड लावला की हलवायचा नाही. त्याच्या पायांभोवती आणि तिघं उभे राहतात तिथे खडूने खुणा करा. फोन आडवा धरा, स्क्रीनवर दाराच्या मुठीवर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर कोणी पांढऱ्या चादरीत फ्रेममध्ये आलं की फोन आपणहून चित्र काळवंडतो. आता दर खेपेला एकच गोष्ट बदला. पहिल्यांदा पायरीवर अख्खा भोपळा. दुसऱ्यांदा कोरलेला. तिसऱ्यांदा त्याचं तोंड घराकडे. चौथ्यांदा भोपळा नाही, कँडीचं भांडं रिकामं, आणि तीन मुलांचा एक जुना फोटो दाराला चिकटवलेला. बाकी शूटिंग हवं तसं मागेपुढे करा, पण पोर्चचे शॉट याच क्रमाने घ्या. भोपळा एकदा कोरला की पुन्हा अख्खा होत नाही. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत मऊ पडून बुरशी धरतो, म्हणून पहिला शॉट उरकल्यावर, दुसऱ्या शॉटच्या आदल्या रात्रीच कोरा. आत मेणबत्ती नको, फोनला तिचा उजेड पुरत नाही. बॅटरीवरचा पिवळा एलईडी ठेवा.

रात्रीचे सीन रात्री घेऊ नका. ऑक्टोबरअखेर इथे सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोविनपर्यंत हाच हिशोब धरायचा. सूर्यास्तानंतर साधारण वीसेक मिनिटं आभाळ गर्द निळं असतं, घराच्या खिडक्या पिवळ्या दिसतात, आणि फोनला चेहरेही दिसतात. फिल्ममध्ये ती पक्की रात्र वाटते. त्यानंतर फोन काळोखात नुसती रवाळ खिचडी दाखवतो. एवढ्या वेळात पाच-सहाच शॉट होतात, म्हणून तालीम दुपारी उरकून ठेवा आणि पाच वाजता सगळे कपडे घालून तयार.

पोर्चचा दिवा थरथरताना दिसला तर घाबरू नका, तो चकवा नव्हे. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्या लयीशी जुळावं म्हणून शटरचा वेग 1/60 सेकंदावर ठेवायचा. कधी भारतात जाऊन शूटिंग केलंत तर तिथे 50 हर्ट्झ, म्हणजे 1/50. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं अ‍ॅप फुकट मिळतं.

पानं झाडायला बाबांना आठवडाभर मनाई करा. 1978 सालचा प्रसिद्ध ‘हॅलोविन’ कॅलिफोर्नियात वसंतात शूट झाला. तिथे वाळलेली पानं कुठली, म्हणून पानं रंगवून रस्त्यावर टाकायचे आणि शॉट झाला की पुढच्यासाठी पुन्हा गोळा करायचे. तुमच्या लॉनवर ती फुकट पडलीत.

रक्त या गोष्टीत लागत नाही, पण तुम्ही ते घालणारच हे मला माहीत आहे. कॉर्न सिरप, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. कोकोने गुलाबी झाक जाते. लाल रंगाचे डाग निघता निघत नाहीत, तेव्हा नवरात्रातले ठेवणीतले कपडे घालून येऊ नका. खिडकीतून टीव्ही चालू दिसायला हवा असेल तर 1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लावा. नाव बदलताना त्यावरची कॉपीराइटची ओळ राहून गेली, त्यामुळे अमेरिकेत तो कोणीही वापरू शकतो. (त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलं.)

धुरासाठी ड्राय आइस आणायची टूम कोणीतरी काढेलच. बेसमेंटमध्ये अजिबात नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खाली साचतो. बाहेर अंगणात, जाड हातमोजे घालून, मोठं माणूस हजर असेल तरच. बंदूक, सुरा यातलं काहीही रस्त्यावर न्यायचं नाही, खेळण्यातलं असलं तरी. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन सांगा. संध्याकाळी झाडाआड कुजबुजणारी पोरं दिसली तर इथे कोणीही पोलिसांना फोन करतं. जाताना डबाभर चिवडा न्या, मग त्यांचा पोर्चही वापरायला मिळेल.

आता आवाज. तुम्ही सगळे इथेच आळस करता. ट्रायपॉडवरचा फोन पंधरा फुटांवर, संवाद कसे ऐकू येणार? दुसरा फोन रेकॉर्डिंग चालू करून बोलणाऱ्याच्या छातीच्या खिशात ठेवा, माइकचं टोक वर. शॉट सुरू होताना एकदा टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला दोन्ही आवाज जुळवता येतात. प्रत्येक जागी शॉट झाल्यावर अर्धा मिनिट कोणीही न बोलता, न हसता (इथेच घोडं अडतं) नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी त्याच शांततेने बुजवायच्या; एकदम सुन्न झालेला आवाज कानाला लगेच खटकतो. पानांवरची पावलं घरी करा: ताटात कॉर्नफ्लेक्स घ्या आणि मुठीने हळूहळू दाबा. हाड मोडायचं असेल तर सेलरीची जुडी माइकजवळ पिरगाळा.

संगीत कुठून उचलू नका, यूट्यूब ते पकडतं. कोणाच्या तरी घरी मंडळाच्या भजनाची पेटी असेलच. खालच्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरा, भाता इतका सावकाश ओढा की सूर डगमगायला लागेल. शेजारची काळी पट्टी हळूच त्यात मिसळा. तिसऱ्या पोर्चपासून हा सूर सुरू करा, आणि चौथ्यांदा दार उघडण्याच्या क्षणी बंद. पुढे फक्त बिजागरी.

एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत होतं. फिल्म सहा मिनिटांच्या आत बसवा. 31 तारखेला सगळे रस्त्यावर असतात, त्यामुळे शो आदल्या शनिवारी गॅरेजमध्ये, चादरीवर. त्याआधी एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका: छोटे स्पीकर खर्ज खाऊन टाकतात. पेटी ऐकूच आली नाही तर तोच सूर वरच्या सप्तकात वाजवून त्याच्याखाली बारीक आवाजात जोडा.