गाडीतल्या रेडिओवर वेदर बँड खरखरतोय? आधी अँटेना तपासा

अमेरिकेत गाडीच्या रेडिओवर एफएम स्वच्छ लागतं, पण हवामानाचा बँड (वेदर बँड, म्हणजे हवामानाचे अंदाज आणि इशारे ऐकवणारी चॅनेल) नुसता खरखरतो. बहुतेक वेळा दोष रेडिओत नसतो, त्यामुळे नवा सेट घ्यायची घाई करू नका.

१. सातही चॅनेल फिरवून बघा (१६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ). गाव बदललं की जवळचं प्रक्षेपण केंद्र बदलतं. साधारण ६५ किमीपलीकडे किंवा डोंगराआड आवाज पडणारच.

२. चॅनेल लावून ठेवा आणि डॅशकॅम, मोबाइल चार्जर, एलईडी दिवे एकेक करून काढा. स्वस्त चार्जर काढताच खरखर थांबते, हे फार वेळा दिसतं.

३. रेडिओमागची अँटेनाची पिन शेवटपर्यंत दाबा. अर्धवट बसलेल्या पिनेवर जवळचं एफएम चालून जातं, वेदर बँड नाही.

४. पिन बाहेर काढून मल्टीमीटर (विजेचा रोध मोजायचं यंत्र) लावा. पिनेच्या बाहेरच्या कड्यापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत १ ओहमपेक्षा कमी यायला हवं. जास्त आलं तर अँटेनाच्या बुडाशी गंज असतो. बुड सोडवून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा आणि पुन्हा घट्ट आवळा.

५. अँटेनात अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा भाग) असेल तर रेडिओ चालू असताना त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का बघा. गाडीसोबत आलेला सोडून बाहेरचा सेट बसवताना ही वायर हमखास राहून जाते.

ओढून लांब करायची अँटेना असेल तर ती सुमारे ४६ सेंमीवर ठेवून बघा. या बँडला तीच लांबी जुळते. पण एकसंध दांडी मात्र कापू नका, एएम-एफएम कमजोर होईल.