एक ग्लास पाणी आणि द्राक्षाचे चार मणी

तिसरी-चौथीला बुडणं-तरंगणं दगड आणि लाकूड दाखवून शिकवलं, की मुलं ‘जड बुडतं, हलकं तरंगतं’ पाठ करून मोकळी होतात. नाशकात फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडीवर द्राक्षांचे सुटे मणी स्वस्तात मिळतात, तेच वापरा.

१. मणी धुऊन देठ काढा. काचेच्या ग्लासात साधारण २०० मिली पाणी घेऊन चार मणी सोडा. तळाशी जातील. एखादा तरंगलाच तर बोटानं बुडबुडे झटका.

२. आता मुलांकडूनच एकेक छोटा चमचा मीठ घालून ढवळून घ्या. प्रत्येक चमच्याआधी ‘आता काय होईल?’ विचारायचं, उत्तर आपण द्यायचं नाही.

३. पाच-सात चमच्यांत मणी वर येऊ लागतात. मणी तोच, बदललं फक्त पाणी. इथे वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या!

जमलं तर एक आंबट आणि एक गोड मणी एकत्र सोडा. आंबट बहुधा आधी वर येतो, कारण त्यात साखर कमी. माझ्या मते खरी मजा यातच आहे.

फक्त अख्खा मणी पटकन तोंडात टाकू देऊ नका, लहानग्यांच्या घशात अडकतो.