खाऊची नवी मुंबई: दमट हवेत टिकणारे मनोरे कसे उभारावेत

खाद्यपदार्थांतून छोटे शहर उभारण्याच्या बहुतेक सूचना थंड आणि कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेल्या असतात. त्या वाशी-नेरुळच्या खाडीकाठी जशाच्या तशा पाळल्या, तर सकाळी उभे केलेले मनोरे संध्याकाळी वाकतात. कादेर अत्तिया या कलावंताने 2009 मध्ये शिजवलेल्या कुसकुसमधून (गव्हाच्या रव्याच्या बारीक कण्यांतून) अल्जेरियातील घारदाया हे शहर साकारले. ते जसजसे वाळते तसतसे त्याला तडे जातात आणि ते ढासळते. आपल्याकडे नेमके उलट घडते, कारण येथे पदार्थातले पाणी बाहेर जाण्याऐवजी हवेतले पाणी पदार्थात शिरते. म्हणून येथे शहराचे आयुष्य कुरमुऱ्यांचे मनोरे बांधणाऱ्या गुळाच्या पाकावर ठरते, आणि या लेखाचा मोठा भाग पाकालाच दिला आहे.

प्रमाण आधी ठरवा. मी 1:500 वापरते, म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरल्यास वीस मजल्यांची इमारत बारा सेंटिमीटरची होते आणि चाळीस मजल्यांची चोवीस सेंटिमीटरची. संपूर्ण शहर करण्याचा मोह टाळावा, कारण पाम बीच मार्ग एकटाच या प्रमाणात वीस मीटरच्या घरात जाईल. त्याचा एखादा तुकडा, बाजूची खाडी, मागे पारसिकची टेकडी आणि बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधली काही घरे एवढे एका मोठ्या पाटावर व्यवस्थित मावते.

सामानात चिक्कीचा गूळ, कुरमुरे, मारी बिस्किटे, शंकरपाळे, रव्याच्या लाडवाचे मिश्रण, चायना ग्रास आणि साजूक तूप पुरेसे आहे. वाशीच्या घाऊक बाजारात किंवा कोणत्याही चांगल्या वाण्याकडे हे सारे मिळते. मात्र गूळ चिक्कीचाच मागून घ्या, कारण साध्या गुळाचा पाक तितका कडक होईलच असे नाही. काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. पावसाळ्यात या कामाच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पाक. या कामात मला सर्वांत जास्त काळ याच टप्प्याने अडवून ठेवले. लाडवाच्या पाककृतीत गोळीबंद पाक सांगितलेला असतो आणि लाडवासाठी तो योग्यही आहे, कारण लाडू दाताखाली फुटला पाहिजे. मनोऱ्याला मात्र स्वतःचे वजन पेलायचे असते. साखरेच्या गोळीबंद पाकात साधारण आठ टक्के पाणी उरलेले असते, तर त्यापुढच्या कडक पाकात ते जवळपास एक टक्क्यावर येते. गुळातही हाच न्याय लागू होतो. उरलेले हे थोडेसे पाणीच मनोरा हळूहळू वाकवते, आणि बाहेरचा ओलावा येऊन मिळाला की ते काम अधिक वेगाने होते.

साखरेचा कडक पाक 150 अंश सेल्सियसच्या आसपास होतो. गुळासाठी मात्र तापमापकावर विसंबू नका, कारण प्रत्येक गुळातले साखरेव्यतिरिक्तचे घटक वेगळे असतात आणि त्यानुसार तो कमी-अधिक तापमानाला करपतो. वाटीभर थंड पाणी जवळ ठेवा आणि त्यात पाकाचा थेंब टाकत राहा. थेंबाची मऊ गोळी झाली तर फार लवकर आहे. गोळी घट्ट झाली पण बोटांनी दाबता आली तरीही थांबू नका. थेंब वाटीच्या तळाशी टणकन वाजला, बाहेर काढून मोडल्यावर काचेसारखा कट्कन तुटला आणि चावल्यावर दाताला अजिबात चिकटला नाही, तेव्हाच आच बंद करा. या आधीच्या टप्प्यात थेंब मोडतो खरा, पण दाताला चिकटतो. तेथे समाधान मानणाऱ्यांचे मनोरे टिकत नाहीत. पुढे गेलात तर अर्ध्या मिनिटात कडवटपणा येतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी कोणाशी बोलू नका आणि फोन उचलू नका.

एका वेळी एक वाटी गूळ आणि चमचाभर तूप यापेक्षा अधिक पाक करू नये. मोठा घाणा करून तो मंद आचेवर पातळ ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, पण तेवढ्या वेळात पाक शिजतच राहतो आणि चौथ्या मनोऱ्यापर्यंत काळा पडतो. चिक्कीत खुसखुशीतपणासाठी चिमूटभर सोडा घालतात, तोही येथे घालू नका. सोड्याने पाकात बुडबुडे धरतात आणि मनोरा पोकळ व ठिसूळ होतो.

कुरमुरे आधी मंद आचेवर भाजून घ्या, इतके की बोटांत चुरडल्यावर त्यांचे पीठ व्हावे, आणि ते गरम असतानाच पाकात घाला. थंड कुरमुऱ्यांवर पाक तत्काळ आळतो आणि मिश्रण साच्यात भरताच येत नाही. एक वाटी गुळाला चार वाट्या कुरमुरे मला योग्य वाटतात. यापेक्षा जास्त घातल्यास कडा सुटतात. तूप लावलेल्या उभट चौकोनी डब्यात मिश्रण थरांनी दाबून भरा, कोमट असताना बाहेर काढा आणि मजल्यांच्या रेषा सुरीने लगेच ओढा. हाताला पाणी लावून दाबण्याची सवय येथे मोडावी लागते, कारण प्रत्येक ओला हात मनोऱ्यात पाणी सोडून जातो. तूपच लावा.

कडक पाक त्वचेवर पडला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. शेजारी थंड पाण्याची बादली ठेवा आणि या टप्प्यात मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. त्यांच्यासाठी पुढे भरपूर काम आहे.

मनोरे पाटावर बसवताना आधी मारी बिस्किटांचा पाया पाकाने चिकटवा, मग मनोऱ्याचा तळ पाकात जेमतेम बुडवून पायावर धरा आणि सावकाश तीस अंक मोजेपर्यंत हात हलवू नका. जोडासाठी आयसिंग वापरू नये. ते वाळायला आपल्या हवेत फार वेळ घेते, आणि तोवर खालचे बिस्किट त्यातले पाणी शोषून मऊ पडते.

तयार मनोरे फ्रिजमध्ये ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. थंड झालेला मनोरा बाहेर आला की हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते आणि तासाभरात सारे चिकट होते. मांडणीपर्यंत ते हवाबंद स्टीलच्या डब्यात, खोलीच्याच तापमानाला ठेवा.

पारसिकची टेकडी लाडवाच्या मिश्रणाची होते, रेल्वेचे रूळ भाजलेल्या शेवयांचे आणि खारफुटी पिस्त्याच्या कापांची. आर्टिस्ट्स व्हिलेजसाठी एक सेंटिमीटरचे शंकरपाळे घ्या. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तेथे सात-सात घरे एका चौकाभोवती मांडली आहेत, तीच रचना ठेवा. ओळीत मांडलेली घरे बेलापूरची वाटत नाहीत.

खाडीसाठी जिलेटिन वापरू नका, ते आपल्या दुपारच्या उकाड्यात वितळू लागते. चायना ग्रास एकदा आळल्यावर 85 अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. मात्र त्याला थोडे पाणी सुटते, म्हणून खाडी वेगळ्या उथळ ताटात करा आणि मांडणीच्या अगदी शेवटी पाटाला लावून ठेवा. तिचा रंग निळा नको. गुळाच्या पाण्याने येणारी मातकट छटा वाशीच्या पुलावरून दिसणाऱ्या पाण्याच्या अधिक जवळ जाते. त्यावर बिटाची कोरडी पूड चोळलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या विखुरल्या की फ्लेमिंगो झाले, आणि ते प्रमाणातही बसतात.

पाट मुंग्यांपासून वाचवण्यासाठी त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. शहरावर चमक येण्यासाठी वॉर्निश फवारण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. चिनी कलावंत सोंग दोंग बिस्किटांची शहरे मांडतात ती प्रेक्षकांनी खावीत म्हणूनच, आणि जे खाता येत नाही ते या कलेतले नव्हे, असे मी मानते. मांडल्यापासून तीन तासांच्या आत शहर खायला द्या. आधी खाडीचे ताट संपवा, कारण ते सर्वांत लवकर खराब होते. मग घरे आणि टेकडी वाटा, आणि मनोरे शेवटी पाटावरच लाटण्याने फोडा. उरलेले तुकडे त्याच रात्री हवाबंद डब्यात भरा. सकाळपर्यंत उघडे राहिले तर ते एकमेकांना चिकटतात.