संसदीय समितीच्या शिफारशीचं संरक्षण मंत्रालयानं पुढे काय केलं, हे कसं तपासायचं

संरक्षण मंत्रालयाला जाब कोण विचारतं, असं कुणी विचारलं की हमखास सल्ला मिळतो: लोकसभेतली अर्थसंकल्पावरची चर्चा बघा. हा सल्ला कामाचा नाही. कित्येक वर्षी संरक्षणाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा, इतर मंत्रालयांच्या मागण्यांबरोबर चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर होतात. चर्चा झालीच तर भाषणं होतात, आणि भाषणावरून एखाद्या खात्याचं काम मोजता येत नाही.

खरी तपासणी होते ती संरक्षणविषयक स्थायी समितीत. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 खासदार, त्यात मंत्री एकही नाही. संरक्षण सचिव आणि तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी समितीपुढे साक्षीला येतात. दार बंद असतं, म्हणून पक्षाची घोषणाबाजीही कमी असते. 1993 पासून ही व्यवस्था आहे. तिचं कामकाज आपल्याला दिसत नाही, पण अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत आणि ते वाचणारे फार थोडे आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या माजी सैनिकांच्या घरात पेन्शन आणि ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्याविषयी रोज बोललं जातं. त्याच विषयांवर समितीनं मंत्रालयाला लेखी काय विचारलं आणि मंत्रालयानं लेखी काय सांगितलं, ते मात्र कुणी उघडून बघत नाही.

विषय एकच धरा

"संरक्षण खर्च" हा विषय नव्हे. ईसीएचएसची थकलेली बिलं, सैनिकांची निवासस्थानं, लष्कराच्या आधुनिकीकरणाचा निधी, छावणी मंडळं, असं काहीतरी नेमकं धरा आणि पुढची दोन वर्षं सोडू नका.

अहवाल शोधा

संसदेच्या 'संसद' या संकेतस्थळावर समित्यांच्या पानावर संरक्षण समितीचे अहवाल हिंदी आणि इंग्रजीत आहेत. एकच लक्षात ठेवा: प्रत्येक नव्या लोकसभेबरोबर अहवालांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसतं "विसावा अहवाल" म्हणण्याला अर्थ नाही. कितव्या लोकसभेचा, ते आधी लिहा.

मूळ अहवाल: चार आकडे बघा

सुरुवात अनुदानाच्या मागण्यांवरच्या अहवालापासून करा. हा साधारण मार्चमध्ये येतो, निवडणुकीच्या वर्षी उशिरा. 2025-26 मध्ये संरक्षणाची एकूण तरतूद 6,81,210 कोटी रुपये होती. त्यातले 1,60,795 कोटी निवृत्तिवेतनाचे आणि 1,80,000 कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे शस्त्रं आणि सामग्री खरेदीसारख्या खर्चाचे. बातम्या एकूण आकड्यावर थांबतात. समितीच्या तक्त्यात मात्र दलानुसार चार आकडे असतात: दलानं मागितले किती, अर्थसंकल्पात मिळाले किती, वर्षाच्या मध्यावर केलेल्या सुधारित अंदाजात उरले किती आणि प्रत्यक्ष खर्च झाले किती. पहिल्या दोन आकड्यांतली दरी म्हणजे सरकारचा निर्णय. शेवटच्या दोनांतली दरी बहुतेक वेळा खात्याच्या कामाचा वेग सांगते. ह्या दोन गोष्टींची गल्लत करू नका, कारण जबाबदार माणसं वेगळी असतात.

मार्च 2018 चं उदाहरण घ्या. समितीचे अध्यक्ष भुवनचंद्र खंडुरी, स्वतः निवृत्त मेजर जनरल. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला सांगितलं की लष्कराकडची 68 टक्के सामग्री जुनाट आहे, 24 टक्के चालू काळातली आणि फक्त 8 टक्के अत्याधुनिक. आधुनिकीकरणासाठी मिळालेले 21,338 कोटी रुपये, तर आधीच सुरू असलेल्या 125 योजनांची देणी 29,033 कोटींची. म्हणजे नवीन काही घेणं दूरच, घेतलेल्याचे पैसे द्यायलाही रक्कम पुरत नव्हती. गणवेशातला अधिकारी हे जाहीर सभेत कधी बोलणार नाही. समितीपुढे बोलला, म्हणून ते छापलं गेलं आणि आपल्याला कळलं.

तक्ते बघून झाले की शिफारशींवर या. त्या अहवालाच्या उत्तरार्धात, क्रमांक घालून दिलेल्या असतात. आपल्या विषयाची शिफारस शब्दशः उतरवून घ्या. सारांश करू नका. का, ते पुढे कळेल.

कार्यवाही अहवाल: इथे घाई केलीत तर सगळं वाया

अहवाल सादर झाल्यापासून तीन महिन्यांत मंत्रालयानं प्रत्येक शिफारशीला लेखी उत्तर द्यायचं असतं. ती उत्तरं तपासून समिती दुसरा अहवाल काढते, तो 'अ‍ॅक्शन टेकन रिपोर्ट', म्हणजे कार्यवाही अहवाल. मंत्रालय प्रतिसाद देतं की नुसतं पत्राला पोच देतं, हे फक्त इथे कळतं. ह्या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. माझाही इथेच गेला, कारण हा अहवाल वाचायचा कसा, हे धड कुणी सांगत नाही.

रचना ठरलेली आहे. पहिल्या प्रकरणात समितीची टिप्पणी. दुसऱ्यात सरकारनं स्वीकारलेल्या शिफारशी. तिसऱ्यात, सरकारचं उत्तर पाहून समितीनं पुढे न रेटायचं ठरवलेल्या. चौथ्यात, ज्यांची उत्तरं समितीला मान्य झाली नाहीत त्या. पाचव्यात, ज्यांना अंतरिम उत्तर आलं किंवा अंतिम उत्तर यायचं आहे त्या. शेवटी परिशिष्टात किती टक्के शिफारशी कोणत्या गटात पडल्या, त्याचा हिशेब.

त्या टक्केवारीवर विसंबू नका. बातमी लिहिणारे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच संपवतात: "सरकारनं बहुतांश शिफारशी स्वीकारल्या." 'स्वीकारली' याचा अर्थ 'अंमलात आली' असा नाही. समितीनं ते उत्तर त्या प्रकरणात ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या प्रकरणातली उत्तरं एकेक करून वाचलीत तर काहींमध्ये तारीख, रक्कम, आदेशाचा क्रमांक सापडेल. काहींमध्ये "समितीच्या सूचनेची नोंद घेतली आहे" अशा अर्थाचं एक वाक्य असेल. काहींमध्ये योजना कशी चालते याची दोन पानं माहिती असेल आणि विचारलेल्या गोष्टीचा उल्लेखही नसेल. टक्केवारीत ही तिन्ही उत्तरं सारखीच मोजली जातात.

म्हणून वाचायचं ते क्रियापद. शिफारशीतलं क्रियापद आणि उत्तरातलं क्रियापद शेजारी शेजारी लिहा. समिती म्हणाली "निधी उभारावा" आणि उत्तरात "विचाराधीन आहे", तर काहीही घडलेलं नाही. "तत्त्वतः मान्य" असेल तर पैसे कधी आणि कोणत्या शीर्षाखाली, ते पुढे आहे का बघा. "वित्त मंत्रालयाशी सल्लामसलत सुरू आहे" असेल तर ती कधी सुरू झाली ते शोधा, कारण हे वाक्य वर्षानुवर्षं टिकतं. भांडवली खर्चासाठी, आर्थिक वर्ष संपताना 31 मार्चला न वापरलेला म्हणून परत न जाणारा निधी असावा, ही समितीची मागणी एकाहून अधिक लोकसभांच्या काळात पुन्हा पुन्हा आलेली आहे. 2004 च्या अंतरिम अर्थसंकल्पात अशा 25,000 कोटींच्या निधीची घोषणा झाली होती, ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी 2,38,354 कोटींचा निधी सुचवला आणि सरकारनं तो तत्त्वतः मान्य केला. एका वर्षाचं उत्तर वाचणाऱ्याला वाटतं, काम सुरू आहे. पाच वर्षांची उत्तरं एकाखाली एक मांडणाऱ्याला काम कुठे अडलंय ते दिसतं.

शिफारस शब्दशः उतरवा, असं वर म्हटलं त्याचं कारण 'वन रँक वन पेन्शन'मध्ये दिसतं. हे काम स्थायी समितीचं नव्हे, राज्यसभेच्या याचिका समितीचं. अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. डिसेंबर 2011 च्या त्यांच्या अहवालातली व्याख्या अशी होती: समान हुद्दा आणि समान सेवाकाळ असेल तर निवृत्तीची तारीख कोणतीही असो, पेन्शन समान; आणि पुढे पेन्शनच्या दरात होणारी वाढ आधीच्या निवृत्तांनाही आपोआप मिळावी. सरकारनं 7 नोव्हेंबर 2015 ला आदेश काढला आणि लाभ 1 जुलै 2014 पासून दिला. "मागणी मान्य झाली" असं सगळीकडे छापून आलं. आदेशात मात्र पेन्शन दर पाच वर्षांनी नव्यानं ठरवली जाईल, असं होतं. 'आपोआप' गेलं आणि 'दर पाच वर्षांनी' आलं. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च 2022 मध्ये न्यायालयानं सरकारचं धोरण कायम ठेवलं. कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे सरकारी धोरण नव्हे, असंही सांगितलं. ज्या माजी सैनिकांनी दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून वाचले होते, त्यांना हा फरक आदेश निघाल्या दिवशीच कळला होता. ज्यांनी सारांश वाचला त्यांना नंतर, बँकेच्या पासबुकातून कळला.

न्यायालयाचं ते म्हणणं सर्वच समित्यांबाबत ध्यानात ठेवा. स्थायी समितीच्या अहवालाला नियमांत फक्त सल्ल्याचं मोल आहे, तो सरकारवर बंधनकारक नाही. म्हणून "समितीनं सांगितलंय, आता द्यावंच लागेल" असं कुणालाही सांगत फिरू नका. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला खोटी आशा लावणं वाईट.

आता पहिल्या प्रकरणाकडे परत या. समितीची टिप्पणी तिथे असते, आणि स्वीकारलेल्या शिफारशींवरही कधी कधी ती असते. समिती नाराज झाली की तिची भाषा सौम्यच राहते, पण "शिफारशीचा पुनरुच्चार करते" असे शब्द आले की समजा, मंत्रालयाचं उत्तर तिनं नाकारलं आहे. चौथं आणि पाचवं प्रकरण लहान असतं. पूर्ण वाचा. वर्षभराची सगळी झटापट त्या थोड्या पानांत असते.

आणि उत्तराखालची ओळ सोडू नका. तिथे मंत्रालयाच्या कार्यालयीन पत्राचा क्रमांक आणि तारीख असते. ती टिपून ठेवा, लागणार आहे.

पाठपुरावा करायचा तो असा

लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 73-अ प्रमाणे मंत्र्यांनी दर सहा महिन्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीचं निवेदन सभागृहात करायचं असतं. ते झालं की नाही, दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत बघा.

त्यानंतर खासदाराकडे जा, आणि निवेदनांचा गठ्ठा नेऊ नका. एका कागदावर मराठीत तीन ओळी: शिफारस कोणती, उत्तर काय आलं, कोणती गोष्ट सांगितलेली नाही. अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न मागा. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचे, प्रश्न लोकसभेत दिवसाला 20 आणि अतारांकित 230, त्यामुळे नंबर लागण्याची शक्यता तिथेच जास्त. उत्तरही लेखी मिळतं, ते जपून ठेवता येतं. उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असं आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन ठरतं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं तपासणारी आश्वासन समिती त्याची नोंद ठेवते, आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं.

माहिती अधिकार सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात: आधी दहा रुपये भरून "आधुनिकीकरणाची सद्यःस्थिती सांगा" असा अर्ज टाकतात आणि सुरक्षेच्या कलमाखाली, 8(1)(अ) खाली, नकार आला की "हे काही सांगतच नाहीत" म्हणून सोडून देतात. अर्ज नेमका करा. "अमुक तारखेच्या कार्यालयीन पत्रात ज्या सल्लामसलतीचा उल्लेख आहे, त्यासंबंधी वित्त मंत्रालयाला पाठवलेल्या शेवटच्या पत्राची तारीख द्यावी." टिपलेला पत्रक्रमांक इथे कामी येतो. 'का' विचारू नका, कागद मागा. अप्रकाशित साक्ष मागू नका, संसदेच्या विशेषाधिकाराचं कारण पुढे येईल. डीआरडीओकडे, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेकडे, अर्ज टाकण्याआधी हे माहीत असू द्या की ती संस्था माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सूट मिळालेल्या संस्थांच्या यादीत, आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता ती माहिती द्यायला बांधील नाही. मंत्रालय मात्र त्या यादीत नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. ही मुदत चुकवू नका.

मग पुढच्या मार्चमध्ये मागण्यांवरचा नवा अहवाल आला की तेच प्रकरण उघडा. तीच शिफारस पुन्हा आली असेल तर शब्द कडक झालेत की सैल, ते बघा आणि आपल्या तक्त्यात गेल्या वर्षीच्या ओळीखाली उतरवा. नाव बदलून आली असेल तरी तिथेच उतरवा. वगळली गेली असेल तर लगोलग खासदाराला फोन करा, कारण समितीचे सदस्य दरवर्षी नव्यानं नेमले जातात आणि जुना विषय नव्या सदस्यांच्या कानावर कुणीतरी घालावा लागतो.