स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. झालंय आणि कॉलेजात शिकवायचंय, तर सुरुवात इथून करा

पहिला अडथळा नावाचाच आहे. प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दोन: सीएसआयआर नेट (देशपातळीवरची) आणि सेट (राज्यपातळीवरची). त्यांत संख्याशास्त्राचा, म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा, स्वतंत्र पेपर नाही. दोन्हीकडे विषय 'गणितीय विज्ञान' असतो. टोपॉलॉजी, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस ही नावं वाचून स्टॅटची कितीतरी मुलं फॉर्मच भरत नाहीत, हे फार मोठं नुकसान आहे. सीएसआयआर नेटच्या अभ्यासक्रमात चार युनिट आहेत आणि स्टॅटवाल्यांनी पहिलं व चौथं सोडवावं असं त्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं करायचं, बाकी सगळा आपलाच विषय.

नेटचा पेपर २०० गुणांचा. भाग 'अ' ३०, 'ब' ७५ आणि 'क' ९५. खरा निकाल 'क' ठरवतो. त्यात ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकाला ४.७५ गुण. या भागात उणे गुण नाहीत, पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे निवडले तरच गुण मिळतात. त्यामुळे वरवरचा अभ्यास इथे उघडा पडतो. मार्कोव्ह चेनचंच घ्या. सांत अवस्थांच्या साखळीला स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन (पायरीगणिक न बदलणारं वितरण) असतंच, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ० वरून १ वर आणि १ वरून ० वर आलटून पालटून जाणारी साखळी पाहा. तिचं स्टेशनरी डिस्ट्रिब्युशन (१/२, १/२) आहे, तरी तिच्या ट्रान्झिशन मॅट्रिक्सचे घात कशाकडेच अभिसरत नाहीत, कारण आवर्तन २ आहे. प्रत्येक प्रमेयासाठी असं एक प्रतिउदाहरण वहीत लिहून ठेवा.

महाराष्ट्र आणि गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा १०० प्रश्न, २०० गुण. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. दोन्ही परीक्षा द्या. नेट देशभर चालते, सेट राज्यापुरती.

आता गुणांचा हिशेब. एम.एस्सी.ला ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही. पण सक्तीची नाही म्हणजे गरजेची नाही असं समजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी मुलाखतीला बोलावण्याचा जो तक्ता आहे, त्यात बी.एस्सी.ला ७८ टक्के असतील तर १९, एम.एस्सी.ला ६४ असतील तर २३, सेटचे ५ आणि दोन वर्षांच्या अनुभवाचे ४ असे ५१ होतात. सेटऐवजी नेट असेल तर ५४. पीएच.डी. मात्र एकटी २५ देते. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल ६, म्हणजे तीन चांगले निबंध पुरतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका, छाननीत असे निबंध बाद होऊ शकतात. जाहिरातीत वेगळी गुणपद्धत दिली असेल तर तीच धरा.

जागा तीन वाटांनी निघतात. अनुदानित महाविद्यालयांत संस्था जाहिरात देते, शासकीय महाविद्यालयांत एमपीएससी (गोव्यात गोवा लोकसेवा आयोग) आणि विद्यापीठ विभागांत विद्यापीठ. स्टॅटच्या जागा एका वेळी एक-दोनच निघतात, म्हणून जागा कोणत्या प्रवर्गाची आहे ते आधी पाहा आणि मगच फी भरा.

तोवर बहुतेक जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. मे-जूनपासूनच कॉलेजांत चौकशी सुरू करा. बी.कॉम., कॉम्प्युटर सायन्स आणि डेटा सायन्सच्या वर्गांनाही स्टॅट शिकवावं लागतं, तिथेही विचारा. रुजू होण्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता घेणार का? नेमणूक आदेश, मान्यतेचं पत्र आणि तारखांसकट अनुभव प्रमाणपत्र हे तिन्ही हातात नसेल, तर पुढे छाननीत ती वर्षं धरली न जाण्याचा धोका असतो. वर्ष संपताच कागद मागून घ्या. प्राचार्य बदलले की तेच काम महिनोन्महिने रखडतं.

मुलाखतीत दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगू शकतात. सगळा विषय उरकायच्या मागे लागू नका, एकच कल्पना घ्या. उदाहरणार्थ पी-व्हॅल्यू. नाणं १० वेळा उडवलं, ९ छापे आले. नाणं निर्दोष असेल तर ९ किंवा जास्त छापे येण्याची संभाव्यता ११/१०२४, म्हणजे सुमारे ०.०११. फळ्यावर हा ११ कुठून आला ते दाखवा: ९ छापे येण्याचे १० प्रकार अधिक १० छापे येण्याचा १. 'शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता म्हणजे पी-व्हॅल्यू' हे वाक्य तोंडून गेलं तर समोरचे विषयतज्ज्ञ तिथेच धरतात. 'आर'मध्ये प्रॅक्टिकल घ्याल का, हाही प्रश्न येऊ शकतो. त्यासाठी रिग्रेशनचं एक प्रॅक्टिकल डेटासह तयार ठेवा.

जाताना गुणपत्रकं मूळ न्या. ग्रेड असतील तर सीजीपीएचं टक्केवारीत रूपांतर केलेलं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअरची मुदत अर्जाच्या शेवटच्या तारखेला चालू असली पाहिजे.