दारू सुटली, पण जगणं सुधारलं का? मोजताना या चुका टाळा

उपचार होऊन सहा महिने झाले, रुग्णाने दारूला हात लावलेला नाही. फाइलवर ‘सुधारणा’ असा शेरा पडतो. पण त्याला झोप नीट लागत नाही, घरचे अजून त्याचे खिसे तपासतात आणि रिकामी संध्याकाळ त्याला खायला उठते. हे त्या शेऱ्यात कुठेच दिसत नाही. म्हणून जीवनमान, म्हणजे जगण्याचा दर्जा, वेगळं मोजावं लागतं, आणि नेमकं तिथेच घोळ होतात.

पहिला घोळ म्हणजे पिण्याचं मोजमाप हेच जीवनमानाचं मोजमाप समजणं. ‘ऑडिट’ ही जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची चाचणी पिण्याची सवय, अवलंबित्व आणि त्यातून झालेलं नुकसान पाहते. माणूस आपल्या आयुष्याबद्दल समाधानी आहे का, हा तिचा विषयच नाही. शिवाय तिचे बरेच प्रश्न मागच्या वर्षभराबद्दल आहेत. दारू सोडून तीन महिने झालेल्या माणसाच्या उत्तरांत आधीचे पिण्याचे महिनेही येतात. जीवनमानासाठी ‘हू-क्वॉल ब्रेफ’, ‘एसएफ-३६’ किंवा ‘ईक्यू-५डी’सारखी प्रश्नावली घ्या.

ती कधी भरून घ्यायची, याकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हातपाय थरथरणं, घाम, अस्वस्थता सुरू होते. बहुतेकांचा हा त्रास आठवडाभरात ओसरतो. त्या दिवसांत घेतलेली उत्तरं त्या त्रासाची असतात. ती पायाभूत धरली, तर पुढच्या वेळी आकडे वर जाणारच आणि श्रेय उपचाराला मिळणार. त्रास ओसरल्यावर, डोकं स्थिर झाल्यावर पहिली मोजणी करा आणि सगळ्या रुग्णांसाठी तोच टप्पा पाळा. प्रश्नावली किती मागचं विचारते हेही पाहा. हू-क्वॉल ब्रेफ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, एसएफ-३६ची नेहमीची आवृत्ती चार आठवड्यांबद्दल, तर ईक्यू-५डी फक्त आजच्या दिवसाबद्दल. एकीचे गुण दुसरीशी ताडून काही हाती लागत नाही.

उत्तर कोण देतं? पत्नी किंवा भाऊ शेजारी बसलेला असला की रुग्ण त्यांच्याकडे बघून बोलतो. कधीकधी तर तेच उत्तर देऊन मोकळे होतात. घरच्यांचं म्हणणं मोलाचं आहे, ते वेगळ्या कागदावर घ्या. जीवनमान म्हणजे त्या माणसाला स्वतःचं आयुष्य कसं वाटतं, ते. दुसऱ्याने ते त्याच्या वतीने सांगायचं नसतं. हू-क्वॉल ब्रेफच्या सामाजिक संबंधांच्या विभागात जेमतेम तीन प्रश्न आहेत आणि त्यातला एक लैंगिक जीवनाबद्दल. खोलीत तिसरं माणूस असेल तर तो हमखास कोरा राहतो, आणि आणखी एक सुटला तर अख्खा विभाग बाद. ज्याची नाती दारूने पोखरली आहेत, त्याच्या बाबतीत हाच विभाग हातचा जाणं परवडणारं नाही. एकांत द्या, आणि वाचता येत नसेल तर प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवा, समजावण्याच्या नादात उत्तर सुचवू नका.

गुण काढताना आकडे अनपेक्षित आले तर आधी उलटे प्रश्न, म्हणजे ज्यांत जास्त आकडा वाईट स्थिती दाखवतो ते, तपासा. हू-क्वॉल ब्रेफच्या २६ प्रश्नांपैकी ३रा, ४था आणि २६वा उलटा आहे. उदासी, निराशा, चिंता किती वेळा जाणवते, या शेवटच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याने १वर खूण केलेली असते. ६मधून १ वजा करून ते ५ धरायचं असतं. ते राहिलं, तर सर्वांत समाधानी माणूस सर्वांत दुःखी ठरतो. शरीर, मन, सामाजिक संबंध आणि परिसर या चारही विभागांची एकत्र बेरीज करू नका. शरीर सावरलेलं असतं आणि नाती तशीच तुटलेली असतात, हे एका आकड्यात दडून जातं.

निवासी केंद्रात असताना घर, पैसा, प्रवास यांबद्दल विचारलं तर उत्तरं केंद्राबद्दलची येतात. घरी परतल्यावर तोच परिसराचा विभाग पुन्हा घ्या.

शेवटची चूक सगळ्यात महागात पडते. पाठपुराव्याला येतात ते बहुधा बरे असलेले. पुन्हा पिऊ लागलेले शरमेने येतच नाहीत. मग आलेल्यांची सरासरी काढून सगळं छान चाललंय असं लिहिलं जातं. न आलेल्यांना फोन करा, रागावू नका, ‘पिताय का’च्या आधी ‘कसे आहात’ विचारा. अहवालात सुरुवातीला किती जण होते, त्यातले किती परत भेटले आणि किती भेटले नाहीत, हे सरासरीच्या शेजारीच लिहा.